पालथे झोपून चालवायचा बोर्ड संथ लाट पकडत नसेल तर : साठीनंतरच्या सर्फरांसाठी तपासणीचा क्रम

लक्षणे

लाट मागून येते, तुम्ही पाय मारता, बोर्डाची शेपटी उचलली जाते, आता निघालो असे क्षणभर वाटते आणि लाट अंगाखालून सरकून पुढे निघून जाते. हे मुख्य लक्षण आहे. दुसरे लक्षण असे की फुटलेल्या लाटेच्या फेसाने बोर्ड निघतो खरा, पण फेस विरळ झाला की दहा-पंधरा मीटरांत थांबतो. तिसऱ्या लक्षणात बोर्डाचे नाक पाण्यापासून वीतभर वर राहते, आणि बोर्डाखाली अडलेले पाणी सतत फसफसत राहते. चौथे लक्षण शरीरावर उमटते : अर्ध्या तासात मान आखडते, कंबर धरते, खालच्या बरगड्या दुखतात किंवा पोटरीत गोळा येतो. ही चारही लक्षणे बहुधा एकत्रच येतात, कारण त्यांचे मूळ एकच असते.

बोर्ड लाट व्यवस्थित पकडतो, पण लाटेच्या उतारावर आडवा घसरतो, अशी तक्रार असेल तर ती कडांची आणि तळाच्या फिनची (बोर्डाखाली बसवलेल्या पात्यांची) आहे. तिच्याकरिता सरळ पाचव्या तपासणीकडे जावे. तुमच्या किनाऱ्यावर लाट उभी राहून थेट वाळूवर आपटत असेल, तर मात्र पुढचे काहीही लागू नाही. तशी लाट उतारवयातल्या मणक्यासाठी नव्हे, आणि कोणत्याही आकाराच्या बोर्डाने हे बदलत नाही.

असे का होते

हाच एक दोष घेऊन आलेले बोर्ड मी वर्षानुवर्षे दुरुस्त करीत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक मालकाची समजूत एकच असते की आता आपल्या पायांत जोर उरला नाही. ते अंशतः खरे आहे, परंतु हिशेब मांडला की दोषाचा मोठा भाग दुसरीकडे सापडतो.

लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की ती कोसळू लागते, म्हणजे ०.६ मीटर उंचीची लाट पाऊण मीटर पाण्यात फुटते. उथळ पाण्यातील लाटेचा वेग म्हणजे खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणून ही लाट सेकंदाला सुमारे २.७ मीटर वेगाने चालते. पायात फिन (पोहताना पावलांत घालायची पाती) घातलेला माणूस बोर्डावर पालथा पडून सेकंदाला १ ते १.५ मीटर वेग गाठतो, आणि वय वाढते तसा तो १ च्या जवळ येतो. मधला फरक लाटेच्या उताराने भरून काढायचा असतो. माणूस आणि बोर्ड मिळून ८० किलो वजन धरले, तर २० अंशांच्या उतारावर २७ किलो वजनाइतका रेटा पुढे मिळतो, पण १० अंशांच्या मंद उतारावर तो १४ किलोंवर येतो. शिवाय, पाण्यात रुतून चालणारी कोणतीही वस्तू स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पायांसकट दोन मीटर लांबीचे अंग पाण्यात असेल तर ही मर्यादा सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास येते, आणि ती ओलांडायची तर बोर्डाने पाणी ढकलणे सोडून पाण्यावर चढून सरकले पाहिजे.

उभी लाट आणि तरुण पाय मिळून माणसाला या अडसरावरून रेटून नेतात. संथ लाटेकडे तेवढा रेटा नसतो. म्हणून येथे सगळा प्रश्न पाण्याचा रोध कमी करण्याचा आहे, आणि पुढची प्रत्येक तपासणी त्या १४ किलोंतून आपण कुठे उधळपट्टी करीत आहोत हे शोधण्यासाठी आहे.

तपासणी करताना एक शिस्त पाळावी : एका वेळी एकच बदल करावा, आणि तो त्याच दिवशी, भरती-ओहोटीच्या त्याच टप्प्यात, किमान दहा लाटांवर पाहावा. तोच किनारा पूर्ण भरतीला लठ्ठ, आळशी लाट देतो आणि दोन तासांनी जरा चढाची देतो. तो फरक बोर्डाच्या नावावर जमा झाला की पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात.

पहिली तपासणी : तुम्ही बोर्डावर नेमके कुठे झोपता

याला खर्च काहीच नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष येथेच निघतात. कमरेएवढ्या शांत पाण्यात बोर्डावर पालथे पडा, नेहमीसारखे समोर पाहा आणि किनाऱ्यावरच्या कोणाला तरी बाजूने छायाचित्र काढायला सांगा. बोर्डाचे नाक पाण्याच्या दोन-तीन बोटे वर असेल तर ठीक आहे. ते वीतभर वर असेल, तर तुम्ही फार मागे आहात आणि बोर्ड तिरपा राहून नांगरासारखा पाणी ढकलतो आहे.

मागे सरकण्याची ही सवय भीतीतून येते. तरुणपणी उभ्या लाटांवर नाक पाण्यात घुसून मिळालेला फटका शरीर विसरत नाही, म्हणून लाट उचलू लागली की छाती आपोआप मागे जाते. मंद उताराच्या लाटेवर नाक घुसण्याचा धोका बराच कमी असतो, आणि तेथे मागे सरकणे म्हणजे ऐन वेळी ब्रेक दाबणे होय. मान वर करण्यानेही तेच होते : डोके उचलले की छातीचा भार कमरेकडे जातो आणि शेपटी बुडते. हनुवटी जिथे येते त्याच्या सरळ रेषेत बोर्डाच्या कडेवर चिकटपट्टीची खूण करावी, आणि दर दहा लाटांनंतर पाच सेंटिमीटर पुढे सरकावे. नाक खरोखर पाण्यात शिरू लागले की अडीच सेंटिमीटर मागे यावे. तीच तुमची जागा. तिथे कायमची खूण करून ठेवावी.

खांदे दुखत असल्याने हात कोपरांत घट्ट मुडपून बोर्ड छातीशी कवटाळणारेही पुष्कळ असतात. त्याने भार पुन्हा मागेच जातो. एक हात पुढच्या टोकाला आणि दुसरा कडेला धरून पाहावा.

दुसरी तपासणी : पायातले फिन, अंगातला सूट आणि निघण्याची वेळ

वयानुसार घोटा ताठर होतो आणि पाऊल पूर्वीइतके मागे ताणले जात नाही. अशा पायाला लांब, कडक पात्याचे फिन घातले की पाते पाणी मागे लोटण्याऐवजी खाली दाबते, आणि पोटरीत गोळा येतो. आखूड, मऊ पात्याचे फिन मागून घेऊन एक दिवस वापरावेत. टाचा पाण्याबाहेर येऊन फेस उडत असेल, तर ती मेहनत हवेत जात आहे. त्याचे कारण फिन नसून बोर्डाची लांबी असण्याचा संभव आहे, आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

निओप्रीनचा सूट बदलला आहे का, हे मी प्रत्येकाला विचारतो. जाड सूट छातीला आणि मांड्यांना काही किलोंचा तराव (पाण्याने वर उचलण्याचा जोर) देतो. थंडीत चालणारा बोर्ड उन्हाळ्यात बंद पडला, तर बोर्ड तोच असतो, पातळ सूट मात्र नवा असतो.

निघण्याच्या वेळेबद्दल थोडक्यात सांगतो. संथ लाट हळूहळू रेटते, म्हणून तिला तुम्ही आधीपासून हलताना मिळायला हवे. लाट पाठीला टेकल्यावर नव्हे, तर ती एका शरीराच्या लांबीवर असताना तळ सोडावा, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे असाल तर वर उडी न मारता दोन्ही पायांनी तळाला रेटा देऊन आडवे पुढे निघावे. वर उडी मारणारा माणूस खाली येताना बोर्ड बुडवतो, आणि तो बोर्ड परत वर येईपर्यंत लाट गेलेली असते.

तिसरी तपासणी : बोर्डाचे वजन

बोर्ड दोन दिवस सावलीत वाळवून सामान तोलण्याच्या टांगत्या काट्यावर तोलावा आणि वजन बोर्डावरच लिहून ठेवावे. पूर्वीपेक्षा अर्धा किलो किंवा अधिक भर पडली असेल, तर बोर्ड पाणी पितो आहे. विशेषतः थर्माकोलच्या जातीचा फोम एका बारीक भेगेतून पाणी आत घेतो आणि ते दाण्यादाण्यांमध्ये साठवतो. पाणी भरलेला बोर्ड एका बाजूला जड होतो, तराव गमावतो, आणि उन्हात ठेवल्यावर आतली वाफ कवचाला (फोमवरच्या कडक आवरणाला) फोमपासून सुटे करते. भेग शोधण्यासाठी पृष्ठभागावर साबणाचे पाणी लावून बोर्ड ऊबदार जागी ठेवावा. आतली हवा प्रसरण पावून भेगेपाशी बुडबुडे येतात. भेगेचे तोंड खाली वळवून बोर्ड काही आठवडे वाळू द्यावा, आणि वजन स्थिर झाल्यावरच ती बुजवावी. ओल्या फोमवर केलेली दुरुस्ती धरत नाही.

चौथी तपासणी : तळाची वक्रता

बोर्डाच्या तळाला लांबीच्या दिशेने जो बाक असतो त्याला सगळे रॉकर म्हणतात. बोर्ड उलटा ठेवून त्यावर सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनियमची नळी मध्यभागी टेकवावी आणि दोन्ही टोकांशी किती फट पडते ते मोजावे. संथ लाटेसाठी मला तळाचा मधला ६० ते ७० सेंटिमीटर भाग पूर्ण सपाट हवा असतो, शेपटीशी फट अर्ध्या सेंटिमीटरहून कमी हवी असते, आणि नाकाचा उठाव शेवटच्या ३० सेंटिमीटरांतच सुरू होऊन ४ ते ५ सेंटिमीटर पुरे होतो.

शेपटीच्या बाकाबद्दल मी इतका आग्रही का, हे नळाखाली चमचा धरून पाहावे. चमचा देठाने सैल धरून त्याची फुगीर बाजू धारेला टेकवली, की पाणी त्याला ढकलून देण्याऐवजी धारेत ओढून घेते, कारण फुगीर पृष्ठभागाला चिकटून वळणारे पाणी त्या पृष्ठभागाला स्वतःकडे खेचते. शेपटीखाली दोन सेंटिमीटरचा बाक असला की तळ त्या चमच्यासारखा वागतो, शेपटी खाली ओढली जाते आणि नाक वर जाते. मग माणसाला वाटते की आपण मागे झोपलो आहोत. तो पुढे सरकतो, तरी बोर्ड सुटत नाही. पहिल्या तपासणीत जागा बदलूनही फरक पडला नसेल, तर संशय येथेच घ्यावा.

हा बाक कारखान्यातून आलेलाच असतो असे नाही. मऊ फोमचे बोर्ड उन्हात, गाडीत किंवा भिंतीला टेकवून महिनोन्‌महिने उभे ठेवले की वाकतात आणि तसेच राहतात. म्हणूनच “पाच वर्षे छान चालला, आता चालत नाही” ही तक्रार पुष्कळदा खरी असते. असा बोर्ड ऊबदार खोलीत सपाट जमिनीवर ठेवून बाकाच्या उलट दिशेने वजन द्यावे, आणि रोज पट्टी लावून पाहत आठवडाभर वाट पाहावी. कवच असलेल्या कडक बोर्डावर हा उपाय करू नये, कवच तडकते.

पाचवी तपासणी : कडा, शेपटी आणि तळाची फिन

शेपटीकडील शेवटच्या ३० ते ४० सेंटिमीटरांत तळ आणि कड जिथे मिळतात तिथे नख फिरवावे. नखाला टोकदार कोपरा लागला पाहिजे. तो गोल झाला असेल, तर पाणी सुटून न जाता कडेला वळसा घालून वर चढते, म्हणजे चमच्याचाच प्रकार बाजूने होतो. पुढच्या अर्ध्या भागात मात्र कड गोलच असावी, नाहीतर ती मंद पाण्यात अडकते. झिजलेला कोपरा परत आणण्यासाठी कडेला चिकटपट्टीची भिंत उभारून घट्ट केलेल्या इपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या रेझिनचा) बारीक थर भरावा आणि तो पॉलिश कागदाने सरळ घासावा. हे काम निवांत हाताने घरीही होते. इपॉक्सीला त्वचा लावू नये. एकदा तिची ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते.

बोर्ड पालथ्या अंगाखाली मांडीच्या सांध्यापासून फार तर वीतभर खाली संपावा. त्यापुढे गेला तर मांड्या उचलल्या जातात, पाय हवेत मारले जातात आणि टाचा फेस उडवतात. त्याउलट तो कमरेपाशीच संपला तर ढुंगण बुडते आणि कंबर मागे मोडते. बोर्ड लांब असेल तर थोडे मागे सरकून पाहावे, पण नाक फार वर जाऊ लागले तर ती लांबी तुमच्या उंचीला चुकीचीच आहे.

तळाला कडक फिन असतील तर संथ लाटेवर त्या मुख्यतः रोधच देतात. पायातले फिन सुकाणूचे काम करतातच, शिवाय गुडघाभर पाण्यात पडल्यावर कडक फिन मांडी कापते. उतारवयातल्या पातळ त्वचेसाठी मी त्या काढूनच टाकतो. आडवे घसरण्याचा त्रास असलेल्यांसाठी दोन आखूड, मऊ फिन पुरेशा होतात.

सहावी तपासणी : छातीखालचा तराव आणि चढण

येथे थोडे थांबायला हवे, कारण मानेच्या दुखण्याचे उत्तर इथे आहे. समोर पाहण्यासाठी पालथा माणूस मान जितकी मागे मोडतो, तितके अंश बोर्डाच्या वरच्या बाजूने आधीच दिले, तर मानेवर तेवढा ताण कमी येतो. तळ सपाटच ठेवायचा. जाडी फक्त छातीखाली वाढवून शेपटीकडे उतरती करायची. ४० सेंटिमीटर लांबीत ४ सेंटिमीटरची चढण म्हणजे जवळजवळ ६ अंश, आणि आखडलेल्या मानेला ६ अंश पुष्कळ असतात.

बोर्डाला हात लावण्याआधी याची स्वस्त चाचणी करता येते. पाणी न शोषणाऱ्या फोमच्या झोपायच्या चटईचे तुकडे पायरी-पायरीने कापून ४० बाय ४५ सेंटिमीटर क्षेत्रात सरासरी २ सेंटिमीटर जाडी होईल असे छातीखाली पट्ट्यांनी बांधावेत. यातून साडेतीन लिटरांहून थोडा जास्त तराव मिळतो. दहा लाटांत फरक जाणवला, तर दोष तरावाचा आणि चढणीचा आहे हे सिद्ध झाले. बरगड्यांच्या दुखण्यासाठी हाच थर मऊ ठेवावा, आणि उरोस्थीच्या जागी उथळ खोलगट भाग करावा.

तरावाचा हिशेब अनेकांना अवघड वाटतो, पण तो तसा नाही. एक लिटर आकारमान समुद्राच्या पाण्यात सुमारे १.०२५ किलो उचलते. त्यातून बोर्डाचे स्वतःचे वजन वजा करायचे. ११० बाय ४० सेंटिमीटरची, १ सेंटिमीटर जाड प्लायवुडची फळी ४.४ लिटरांची आणि सुमारे अडीच किलोंची असते, म्हणजे ती माणसाला जेमतेम दोन किलो उचलून देते. हवाई बेटांवरचे पारंपरिक पायपो (पालथे झोपून चालवायचे आखूड बोर्ड) अशाच पातळ लाकडाचे असत, आणि जोरदार लाटेवर त्यांना तरावाची गरजच नव्हती. लाटच त्यांना उचलत असे. त्या सुंदर फळ्यांची नक्कल करून संथ लाटेवर गेलेली माणसे माझ्याकडे निराश होऊन येतात. टॉम मोरी यांनी १९७१ साली हवाईतच पॉलिएथिलीन फोमचा बोर्ड कापला, तेव्हा पालथ्या सर्फरला स्वस्तात आणि मऊ तराव मिळाला.

१७० सेंटिमीटर उंचीच्या, ७५ किलो वजनाच्या माणसासाठी मी १२० सेंटिमीटर लांब, ५६ सेंटिमीटर रुंद आणि सरासरी ५.२ सेंटिमीटर जाड बोर्डापासून सुरुवात करतो. कोपरे गोल झाल्याने आकारमान लांबी-रुंदी-जाडीच्या गुणाकाराच्या ०.८ पट धरावे. ते सुमारे २८ लिटर येते. साडेतीन किलोंचा बोर्ड असेल तर २५ किलोंचा निव्वळ तराव उरतो, आणि छाती पाण्याबाहेर येण्यास तो पुरतो. रुंदी येथे लांबीपेक्षा अधिक कामाची आहे, कारण कमी वेगात पाण्यावर चढायला आडवे क्षेत्र लागते. पण ५८ सेंटिमीटरच्या पुढे रुंदी गेली की कोपरे पसरतात आणि खांदे दुखू लागतात. लिटरही वाटेल तितके वाढवू नयेत : ४० लिटरांचा बोर्ड अंगाखाली पिंपासारखा डोलतो, आणि त्याला सरळ ठेवण्यातच कमरेची शक्ती संपते.

कुठे थांबावे

सहाव्या तपासणीतली फोमची चाचणी यशस्वी झाली, की पुढचे काम घरी करू नये. कवच कापून तळाचा बाक बदलणे, फोम पुन्हा घडवणे, सुटलेले कवच मोठ्या क्षेत्रात चिकटवणे आणि मधली आधारपट्टी तुटलेली असणे ही सगळी कामे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराची आहेत. थर्माकोलच्या फोमवर पॉलिएस्टर रेझिन ओतून संपूर्ण बोर्ड विरघळवलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या फोमला इपॉक्सीच लागते. बोर्ड कशाचा आहे हे खात्रीने सांगता येत नसेल, तर रेझिनचा डबा उघडूच नये.

शरीराच्या बाबतीत याहून लवकर थांबावे. हाताला किंवा बोटांना मुंग्या येणे, पकड ढिली होणे, मान वाकवताना पाठीतून विजेसारखी कळ जाणे, ही लक्षणे बोर्डाची नाहीत. मानेच्या मणक्यात वयानुसार नसांची जागा अरुंद झालेली असते, आणि अशा मानेला वाळूवर डोके हलके आपटले तरी मोठी इजा होऊ शकते. ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत पाण्यात उतरू नये. पाण्यात असताना अचानक दम लागणे, खोकल्याबरोबर फेस येणे किंवा छातीत दाटणे झाल्यास लगेच बाहेर यावे, एकटे बसू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. जड वाटणारा बोर्ड कधीकधी खरोखर जड नसतो. हृदय थकलेले असते.

कारागिराकडे जाताना जुना बोर्ड सोबत न्यावा आणि त्यावरचे, अंग घसरू नये म्हणून लावलेले वॅक्स धुऊन टाकू नये. छाती, कोपरे आणि मांड्या कुठे टेकतात हे त्या झिजलेल्या वॅक्सवर उमटलेले असते. त्याला तुमचे वजन, उंची, हनुवटीपासून मांडीच्या सांध्यापर्यंतचे अंतर, नेहमीच्या लाटेची उंची, तिसऱ्या तपासणीत लिहिलेले वजन आणि चौथ्या तपासणीतल्या दोन्ही फटी सांगाव्यात. फोमचे तुकडे ज्या जाडीला चालले तेही बांधलेल्या अवस्थेतच दाखवावेत, म्हणजे नव्या बोर्डाची चढण त्याला अंदाजाने ठरवावी लागणार नाही.